सर्व्हिस सेंटर की ओळखीचं गॅरेज? आधी काम ठरवा, मग जागा

मुंबईतले गाडीवाले साधारण दोन प्रकारचे भेटतात. काही जण वॉरंटी संपून पाच वर्षं झाली तरी वायपर बदलायलाही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. काही जण वर्षभरापूर्वी घेतलेली गाडी ‘तिकडे फार पैसे लावतात’ म्हणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे उघडायला देतात. दोघांचंही नुकसान होतं आणि त्याचं कारण एकच आहे. जागा आधी ठरते, काम नंतर. बरेचदा तर गाडी सायनच्या सिग्नलला बंद पडल्यावर, मागून हॉर्न वाजत असताना हा निर्णय घेतला जातो. तो घरी, निवांत बसून आणि पुढच्या क्रमाने घ्यायला हवा.

टप्पा १ : गाडीचे कागद समोर घेऊन बसा

मॅन्युअल, वॉरंटीची पुस्तिका, विम्याची पॉलिसी आणि आजवरची बिलं काढा. त्यातून चार गोष्टी कळायला हव्यात.

१. वॉरंटी कधी संपते? ती वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथे संपते. शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. मारुती सुझुकीचंच बघा. जुलै २०२४ पासून कंपनीने मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. म्हणजे तेच मॉडेल काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोघांची मुदत वेगळी असू शकते. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिची पुस्तिका वेगळी असते आणि अटीही वेगळ्या असतात. घ्यायची राहिली असेल, तर ती सहसा मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते.

२. पुढची सर्व्हिसिंग कधी आहे? इथे मुंबईकर हमखास चुकतात. रोज लोकलने जाणाऱ्याची गाडी वर्षात चार हजार किलोमीटरही होत नाही, म्हणून तो सर्व्हिसिंग पुढे ढकलत राहतो. पण वेळापत्रकात ‘१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष’ असं लिहिलेलं असतं आणि त्यातलं वर्षही तितकंच बंधनकारक असतं. गाडी उभी असली तरी ऑइल जुनं होतं. शिवाय मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता असतो. सतत थांबत-चालत जाणारं ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या आणि धूळ हे सगळं त्यात मोडतं. एलबीएस रोडवर रोज गाडी चालवणाऱ्याने तोच तक्ता पाहावा.

३. रिकॉल आहे का, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करायला कंपनीने तुमच्या गाड्या परत बोलावल्यात का? कंपनीच्या वेबसाइटवर १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर टाकला की कळतं. रिकॉलचं काम कंपनी फुकट करून देते आणि ते अधिकृत सेंटरमध्येच होतं. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी हे आजच तपासा, कारण कंपनीचं पत्र बहुधा आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं.

४. विम्यात काय काय आहे? झिरो डेप (बदललेल्या भागांचे पैसे घसारा न कापता) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून वगैरे बिघडलेल्या इंजिनाचा खर्च) ही दोन वेगळी कव्हर आहेत. एक असलं म्हणजे दुसरं आपोआप मिळत नाही.

> सावधान : ‘बाहेर सर्व्हिसिंग केली तरी वॉरंटी जात नाही, तसा कायदाच आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटलं होतं की केवळ बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. पण त्यावर अपिलं झाली. शिवाय त्याच आदेशाने बाहेरच्या चुकीच्या कामामुळे झालेल्या बिघाडापुरतं संरक्षण कंपन्यांना ठेवलं होतं. उद्या इंजिनमध्ये दोष निघाला तर कोणतं ऑइल कधी घातलं हे सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावर येईल. ऑइल बदलण्यात वाचलेल्या थोड्या पैशांसाठी ते भांडण ओढवून घेऊ नका.

टप्पा २ : कामांची वाटणी करा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. कागदावर तीन रकाने आखा.

*पहिला रकाना : सर्व्हिस सेंटरच*

वॉरंटी असेपर्यंतच्या सगळ्या ठरलेल्या सर्व्हिसिंग इथे येतात. वॉरंटी संपल्यावरही काही कामं बाहेर नेऊ नयेत. एअरबॅग आणि एबीएसचे बिघाड, चावीचं कोडिंग, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम ही त्यांतली मुख्य. एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीत क्लच बदलल्यावर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून नवं सेटिंग शिकवावं लागतं. ते न करता गाडी दिली, तर नवा क्लच असूनही ती झटके देते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी रंगाच्या, जास्त व्होल्टेजच्या केबलला तर शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हातही लावू नये. आपोआप ब्रेक लावण्यासाठी पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांची काच बदलली, की कॅमेरा पुन्हा नेमका जुळवावा लागतो. हे जमत नसलेल्या दुकानात काच बसवलेली गाडी दिसायला ठीक दिसते, पण ऐन वेळी चुकीच्या क्षणी ब्रेक लावू शकते.

बीएस-६ डिझेल गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साठलेली काजळी जळण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. दादर ते माटुंगा अशा फेऱ्यांमध्ये ते होत नाही आणि फिल्टर तुंबतो. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागताच मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेवर गाडी चालवा. तरी दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठा. फिल्टर काढून टाकतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. ते बेकायदा आहे आणि गाडीला धूर सोडायला लावणारं आहे.

*दुसरा रकाना : चांगलं गॅरेज*

वॉरंटी संपलेल्या साध्या पेट्रोल, डिझेल गाडीचं ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड, मॅन्युअल गिअरची क्लच प्लेट, कूलंट, सस्पेन्शन, इंजिन माउंटिंग, छोटं डेंटिंग-पेंटिंग. ही कामं चांगला मेकॅनिक सर्व्हिस सेंटरइतकीच नीट करतो. काही कामं तर तो जास्त बरी करतो, कारण दोघांची कामाची रीतच वेगळी आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुतेक वेळा अख्खा सुटा भाग बदलतात. खड्ड्यांनी लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश गेला तर तिथे पूर्ण लोअर आर्मचं एस्टिमेट मिळतं. गॅरेजवाला बऱ्याच मॉडेलांमध्ये प्रेसवर नुसता बुश बदलून देतो. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नसेल, तर तिकडे नवा अल्टरनेटर. इकडे ओळखीचा वायरमन तो खोलून कार्बन ब्रश किंवा बेअरिंग बदलतो आणि तोच परत बसवतो. आठ-दहा वर्षांच्या गाडीला हे शहाणपणाचं आहे.

*तिसरा रकाना : ज्याचं काम त्याच्याकडे*

टायर आणि अलाइनमेंट टायरवाल्याकडे, बॅटरी बॅटरीवाल्याकडे. या दोन्हींची वॉरंटी टायर आणि बॅटरी बनवणारी कंपनी देते, म्हणून बिल आणि वॉरंटी कार्ड जपा.

एसीची कामं एसीवाल्याकडे. ‘गॅस कमी झाला, भरून देतो’ एवढं ऐकून पैसे देऊ नका. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो खूप कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, बहुतेकदा कूलिंग कॉइलमधून किंवा पाइपच्या जोडातून. गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस दोन महिन्यांत पुन्हा उडतो.

सीएनजीला कोणत्याही मेकॅनिकला हात लावू देऊ नका. कंपनी फिटेड किट असेल तर सर्व्हिस सेंटर, बाहेरून बसवलेलं असेल तर मान्यताप्राप्त किट सेंटर. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी मान्यताप्राप्त ठिकाणीच करून घ्यायची असते. तिची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

> तपासा : वाटणी झाल्यावर गेल्या दोन वर्षांची बिलं या रकान्यांशी ताडून पाहा. कोणतं काम चुकीच्या ठिकाणी झालं ते लगेच दिसेल.

टप्पा ३ : गरज पडायच्या आधी गॅरेज शोधा

गाडी बंद पडलेली असताना शोधलेलं गॅरेज बहुधा सगळ्यात जवळचं असतं. ते चांगलं असेलच असं नाही. म्हणून सुट्टीच्या सकाळी दोन-तीन ठिकाणी नुसती चक्कर मारा. सोसायटीत तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्यापेक्षा जुन्या गाडीच्या मालकाला विचारा. ओला-उबर चालवणाऱ्यांनाही विचारा. त्यांची गाडी एक दिवस बंद राहिली तर कमाई बुडते, त्यामुळे कोण काम नीट करतो हे त्यांना बरोबर माहीत असतं.

गॅरेजमध्ये हे बघा:

१. गाडी वर घ्यायला लिफ्ट किंवा खड्डा आहे का? नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणूस झोपलेला दिसला तर परत फिरा. तिथे त्या पोराच्या जिवाचीच काळजी घेतली जात नाही.

२. स्कॅनर आहे का, आणि तुमच्या कंपनीच्या गाड्या तो वाचतो का? इंजिन चेकचा दिवा नुसता विझवून देणं वेगळं. कोड वाचून कारण शोधणं वेगळं.

३. उघडलेले नट-बोल्ट कुठे ठेवलेत? ट्रेमध्ये की जमिनीवर?

४. बिल देतात का? छापील, तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं.

पहिलं काम छोटंच द्या. ऑइल बदलायला द्या आणि शेजारी उभे राहा. जुनं ऑइल काढायला खालचा नट उघडला की त्याबरोबर एक छोटा, चपटा वॉशर निघतो. चांगला मेकॅनिक तो नवा टाकतो, नट आधी हाताने फिरवून बसवतो आणि मगच पाना लावून बेताने आवळतो. घाईचा माणूस जुनाच वॉशर लावतो आणि गळू नये म्हणून लांब पान्याने सगळा जोर लावून नट पिळतो. ऑइलचा चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात आटे जातात आणि पुढच्या वेळी नवा चेंबर घ्यायची पाळी येते. त्या पाच मिनिटांत माणसाचा हात कळतो. बोलण्यावरून कळत नाही.

> सावधान : ‘हे मला जमणार नाही, कंपनीत न्या’ असं सांगणारा मेकॅनिक धरून ठेवा. सगळ्याच कामाला हो म्हणणारा टाळा.

टप्पा ४ : सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट वाचायला शिका

सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर भराभर टिक करत जातो आणि आपण सही करतो. तिथेच थांबा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: ‘हे मॅन्युअलच्या तक्त्यात या किलोमीटरला लिहिलंय का?’ लिहिलं असेल तर करायचं. नसेल तर कारण विचारायचं आणि तो भाग स्वतः पाहायचा.

तक्त्यात सहसा नसलेली पण एस्टिमेटमध्ये हटकून येणारी कामं म्हणजे इंजिन फ्लशिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट, इंटीरियर फोम क्लीनिंग, काचेचं कोटिंग. यांपैकी एखादं हवं असेल तर जरूर घ्या. ते सर्व्हिसिंगचा भाग समजून घेऊ नका. गाडीखालच्या अँटी-रस्ट कोटिंगबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला ते उपयोगी पडतं, फक्त खालचा भाग धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावरच मारलेलं हवं. ओलसर पत्र्यावर मारलेलं कोटिंग गंज आतच कोंडून ठेवतं.

दुसऱ्या बाजूला, ब्रेक ऑइल बदलणं बऱ्याच गाड्यांच्या तक्त्यात साधारण दर दोन वर्षांनी असतं आणि लोक नेमकं तेच नको म्हणतात. ते ऑइल हवेतला ओलावा शोषतं. मुंबईच्या दमट हवेत तर ते टाळूच नका. उतारावर सतत ब्रेक लागून ऑइल तापलं आणि त्यातल्या पाण्याची वाफ झाली, की पेडल मऊ पडतं.

फुकट सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते. ऑइल, फिल्टरचे पैसे लागतात. त्यावरून काउंटरवर वाद घालू नका.

> तपासा : जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली गेलीय का? ‘आवाज येतो’ एवढं पुरेसं नाही. ‘सकाळी गाडी थंड असताना, दुसऱ्या गिअरमध्ये, स्पीड ब्रेकर उतरताना पुढून डावीकडून खट् आवाज’ असं लिहायला लावा. ‘फोन करून परवानगी घेतल्याशिवाय जादा काम करू नये’ हेही लिहून घ्या.

टप्पा ५ : पार्ट कुठला घालायचा ते तुम्ही ठरवा

पार्ट तीन प्रकारचे मिळतात. एक, कंपनीच्या डब्यातला; दुसरा, तोच बनवणाऱ्या कारखान्याचा, पण त्याच्या स्वतःच्या नावाने विकला जाणारा; आणि तिसरा, डुप्लिकेट. दुसऱ्या प्रकारात बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल यांसारखी नावं येतात. आपल्या मॉडेलला मूळ पुरवठा कोणाचा आहे हे कळलं तर चांगल्या दर्जाचा माल कमी किमतीत मिळतो. ऑपेरा हाउसच्या बाजारात हे पार्ट मिळतात, पण पार्ट नंबर लिहून न्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगून आणलेले ब्रेक पॅड बरेचदा वेगळ्या व्हेरिएंटचे निघतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दरवाजाचं हँडल, आरसा, आतलं प्लास्टिक असं काही तिथून आणायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सीट बेल्ट, एअरबॅग यांतलं काहीही जुनं घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

ऑइलची ग्रेड मॅन्युअलमधलीच. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलेल्या गाडीत ‘मुंबईत गरम होतं, जाड घालू’ असं म्हणून दुसरं काही ओतू देऊ नका. डीपीएफ असलेल्या डिझेलला त्यासाठीचं कमी राखेचं ऑइलच लागतं. साधं घातलं तर फिल्टर लवकर भरतो. शक्य असेल तर सीलबंद डबा स्वतः घेऊन जा आणि तुमच्या समोर उघडायला सांगा.

किमतीची तुलना करताना छापील एमआरपी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. बिलात २८ टक्के लावलेला दिसला तर विचारा.

टप्पा ६ : गाडी देताना आणि घेताना

मुंबईत शोरूम रस्त्यावर दिसते, पण वर्कशॉप भलतीकडेच असतं आणि गाडी ड्रायव्हर घेऊन जातो. म्हणून देताना किलोमीटर, इंधनाचा काटा, चारही बाजू, स्टेपनी आणि आतलं सामान यांचे फोटो काढा. मौल्यवान वस्तू आणि मूळ कागद काढून घ्या. डॅश कॅम असेल तर चालू ठेवा.

घेताना, पैसे भरण्याआधी:

१. बदललेले पार्ट मागा. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे परत जातो, पण तुम्ही पैसे भरलेला पार्ट तुमचा आहे.

२. बॉनेट उघडून डिपस्टिक पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये आणि स्वच्छ हवं. डिझेलमध्ये मात्र नवं ऑइलही लगेच काळं पडतं, त्यामुळे तिथे रंगावरून निष्कर्ष काढू नका.

३. एअर फिल्टरचं झाकण उघडायला लावा. बिलात नवा आणि आत जुना, असं इथेच होतं.

४. ज्याच्याकडे तक्रार नोंदवली त्याला शेजारी बसवून, जिथे आवाज येत होता तशाच रस्त्यावरून एक फेरी मारा.

> सावधान : गणपतीला कोकणात जायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका. त्या आठवड्यात सर्व्हिस सेंटर आणि गॅरेज दोन्हीकडे झुंबड असते आणि काम उरकलं जातं. सैल राहिलेला क्लॅम्प किंवा गळका जोड परशुराम घाटात कळतो. किमान पंधरा दिवस आधी काम करा आणि त्यानंतर एकदा लोणावळ्यापर्यंत तरी गाडी पळवून आणा.

टप्पा ७ : पाण्यात बंद पडली किंवा ठोकली, तर

इथे गॅरेज की सर्व्हिस सेंटर हा प्रश्न नंतरचा. आधी विमा कंपनी.

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. एकदाही नाही. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी दुरुस्त होते, पण स्टार्टर मारलेल्या गाडीचं इंजिन अनेकदा जातं आणि इंजिन प्रोटेक्ट नसेल तर तो खर्च विमा कंपनी सहसा नाकारते. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टो करूनच न्या. मेकॅनिक मदतीला आला तरी त्याला ‘एकदा मारून बघू’ म्हणू देऊ नका.

अपघातात विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत काहीही उघडायचं नाही. कॅशलेस (विमा कंपनीने गॅरेजला परस्पर पैसे देणं) हवं असेल तर त्या गॅरेजचं नाव विमा कंपनीच्या यादीत आहे का ते आधी विचारा. यादीत अधिकृत सेंटरखेरीज काही मोठी मल्टीब्रँड गॅरेजंही असतात. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात. त्यामुळे छोटा बंपर चेपला असेल तर क्लेम करून नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घालवायचा, की ओळखीच्या डेंटरकडून करून घ्यायचा, याचा हिशेब कागदावर मांडा.

टप्पा ८ : काम बिघडलं तर

आधी त्याच जागी परत जा आणि तेही लगेच. महिनाभर तशीच चालवून मग गेलात तर दोष कोणाचा हे ठरत नाही. सर्व्हिस सेंटर असेल तर ॲडव्हायझर, मग वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र. प्रत्येक वेळी ईमेल करा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मार्गदर्शनासाठी मुंबई ग्राहक पंचायत आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मात्र तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. गॅरेजविरुद्धही तिथे जाता येतं, पण त्यासाठी बिल हवं. बिल नसेल तर गाडी त्या गॅरेजमध्ये गेली होती हेच सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. आयोगात जायचं ठरलं तर गाडी दुसरीकडे दुरुस्त करण्याआधी तिथल्या मेकॅनिककडून दोष काय आहे ते लेखी घ्या, उघडलेल्या भागांचे फोटो काढा आणि खराब पार्ट निकाल लागेपर्यंत घरी जपून ठेवा.